निसर्गविज्ञानावरच्या चित्रस्पर्धेसाठी कुंभारीण माशीचे चित्र : अचूकता किती आणि कल्पना किती?

रेषाविहार :
नमस्कार. निसर्गविज्ञानातून प्रेरणा घेतलेल्या कलाकृतींच्या एका स्पर्धेत प्रथमच भाग घ्यावा असे मनात आहे, आणि त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. चित्रे मी बरीच वर्षे काढते आहे, परंतु आजवर ती डोळ्यांना बरे वाटेल ते कागदावर उतरवावे अशाच पद्धतीची होती.

विषय ठरलेला आहे. खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एका कुंभारीण माशीने मातीची मडकी बांधायला घेतली आणि अकरा आठवडे मी रोज वही घेऊन तेथे बसले. जबड्यात मातीची ओली गोळी धरून ती येते, गोळी मडक्याच्या काठावर पट्टीसारखी पसरते आणि पुन्हा उडून जाते. नुकतीच लावलेली पट्टी गडद असते, आधीच्या पट्ट्या वाळून फिकट झालेल्या असतात, त्यामुळे शेवटचे काम कोठे झाले हे केवळ रंगावरून सांगता येते. मडके पुरे झाले की ती लुळ्या केलेल्या हिरव्या अळ्या एकामागून एक आत ढकलते आणि तोंड लिंपून टाकते. काही आठवड्यांनी आतून माशी बाहेर पडते.

हे पाहताना लहानपणी ऐकलेला कीटक-भृंग न्याय सारखा आठवत राहिला. कोंडलेली अळी भयाने माशीचेच ध्यान करते आणि अखेर स्वतःच माशी होते, असा तो दृष्टांत. तो खरा नाही हे आता ठाऊक आहे, तरीही चित्रातून तो वगळावा असे वाटत नाही. माझे प्रश्न असे आहेत. परीक्षकांना अचूक शास्त्रीय चित्र हवे असते की स्वतंत्र कलाकृती? जुनी समजूत चित्रात आणली तर ते अशास्त्रीय ठरेल का? आणि चित्रासोबत दीडशे शब्दांचे निवेदन मागितले आहे, त्यात काय लिहावे?

कीटकमित्र :
विषय उत्तम आहे. अचूकतेबद्दल माझे मत ठाम आहे: ती आधी हवी, बाकीचे नंतर. कीटकांच्या चित्रांत वारंवार दिसणाऱ्या काही चुका सांगतो. सहाही पाय वक्षाला, म्हणजे शरीराच्या मधल्या भागाला, जोडलेले असतात, उदरातून पाय निघत नाहीत. कुंभारीण माशी बसलेली असताना तिचे पुढचे पंख लांबीच्या दिशेने दुमडलेले असतात, म्हणून ते अरुंद दिसतात. पुष्कळ चित्रकार ते मधमाशीसारखे पसरट काढतात. मादीच्या शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, बारा खंड असतात आणि नराच्या शृंगिकेला तेरा. मडके बांधणारी नेहमी मादीच असते, तेव्हा मोठ्या आकारात चित्र काढणार असाल तर खंड मोजूनच काढा.

पानगळ :
कीटकमित्र यांच्याविषयी आदर आहे, पण असहमत आहे. स्पर्धा कलेची आहे, ओळखपुस्तिकेची नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ साली गेंड्याचे चित्र कोरले तेव्हा त्याने गेंडा पाहिलेला नव्हता. लिस्बनला पोचलेल्या प्राण्याचे वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावरच त्याने ते केले. कातडीच्या जागी चिलखताचे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जास्तीचे शिंग आहे. तरीही पाचशे वर्षे ते चित्र पाहिले जाते आहे, आणि त्याच काळातल्या कितीतरी निर्दोष चित्रांची आठवणसुद्धा कोणाला नाही. शृंगिकेचे खंड मोजण्यात सगळी शक्ती घालवली तर त्या मातीच्या ओल्या पट्टीकडे पाहताना जे वाटले ते कागदावर येणार नाही.

कीटकमित्र :
पानगळ, तुमचेच उदाहरण मी माझ्या बाजूने वापरतो. ते पाठीवरचे शिंग अठराव्या शतकापर्यंत इतर चित्रकार उतरवून घेत राहिले, कारण चित्र इतके प्रभावी होते की ते खरेच असणार असे लोकांनी गृहीत धरले. ज्याच्या हातात एवढी ताकद असते त्याची चूकही तेवढीच दूर जाते. गेंडा समोर नव्हता हा ड्यूररचा नाइलाज होता. रेषाविहार यांच्यासमोर माशी अकरा आठवडे होती.

ठसेकार :
चुकीचा विषय निघालाच आहे म्हणून छापचित्रे करणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहितो. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५० साली एका शंखाचे सुंदर अम्लकोरण, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेले छापचित्र, केले. कोरलेले चित्र छापताना आरशातल्यासारखे उलटे उमटते, हे त्याला अर्थातच ठाऊक होते आणि म्हणून आपली सही त्याने धातूच्या पत्र्यावर उलटी कोरली, ती छापात सुलटी आली. शंख मात्र त्याने समोर दिसला तसाच कोरला. परिणामी छापात शंखाचा पीळ उलट्या दिशेने गेला. बहुसंख्य शंख उजव्या पिळाचे असतात, त्यामुळे शंखांचा अभ्यासक ते चित्र पाहताच थबकतो.

हीच चूक आजही डीएनएच्या चित्रांत होते. त्याचे नेहमीचे रूप उजव्या पिळाचे आहे, पण फोटो उलटा छापला गेला किंवा मांडणीसाठी चित्र फिरवून घेतले की पीळ डावा होतो. मी स्वतः एका स्पर्धेसाठी गोगलगायीचे लाकडी ठसे केले होते आणि शेवटच्या दिवशी लक्षात आले की सगळ्या गोगलगायी डावखुऱ्या झाल्या आहेत. प्रवेशिका मागे घ्यावी लागली. त्यानंतर पहिली रेषा कोरण्याआधी कच्चे चित्र आरशात धरून पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

हिमकण :
आठ पाकळ्यांचे हिमस्फटिकही त्याच यादीत घालावे. बर्फाचे रेणू षटकोनी रचनेत जुळतात, म्हणून स्फटिकाला सहा भुजा असतात.

अबोली :
धागाकर्तीने विचारलेल्या मधल्या प्रश्नाकडे, म्हणजे त्या समजुतीकडे, येते. मी विज्ञान शिकवते आणि कीटक-भृंग न्याय वर्गात आवर्जून सांगते, कारण त्यात निरीक्षण चुकलेले नाही. अळी आत जाताना पाहिली, ते खरे. तोंड बंद झालेले पाहिले, तेही खरे. आतून माशी आली, तेही खरे. मधली मातीची भिंत डोळ्यांना भेदता आली नाही आणि तेवढी जागा कल्पनेने भरून काढली गेली.

भिंतीआड काय घडते ते असे: मडके रिकामे असतानाच मादी आत एक अंडे घालते. अळ्यांना ती डंख करते, त्यातले विष त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. त्या लुळ्या होतात, पण मरत नाहीत, म्हणून सडत नाहीत. अंड्यातून निघालेली माशीची अळी हा ताजा साठा खाऊन वाढते, कोषात जाते आणि पूर्ण वाढ झालेली माशी भिंत कुरतडून बाहेर येते.

अशीच बंद जागा इटलीतल्या फ्रान्सेस्को रेदी या वैद्याने १६६८ साली प्रयोगाने उघडली. मांसात अळ्या आपोआप उपजतात असे तोवर मानत असत. त्याने काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काही झाकल्या. जेथे माशा पोचल्या तेथेच अळ्या झाल्या. समजूत आणि तिचे निराकरण हे दोन्ही विज्ञानाच्या इतिहासाचे भाग आहेत, तेव्हा ती चित्रात आणण्यात अशास्त्रीय काही नाही. समजुतीची टिंगल मात्र चित्रात नसावी असे मला मनापासून वाटते.

मोरपंखी :
अबोली यांच्या प्रतिसादाला एक अनुभव जोडते. आमच्याकडच्या अशाच एका मडक्यातून कुंभारीण आलीच नाही, हिरव्या-निळ्या धातूसारखी चमकणारी छोटी माशी बाहेर पडली. नंतर समजले की काही परजीवी माशा कुंभारणीच्या घरट्यात गुपचूप अंडे घालतात. अळीने ध्यान एकीचे केले आणि जन्म दुसरीचा झाला, असे तेव्हा घरात सगळ्यांना सांगत होते.

ती चमक रंगवताना मात्र मी फार झगडले. ते रंगद्रव्य नसते, कवचाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो रंग दिसतो, मोरपिसाच्या निळ्यासारखा. चमकीचा रंग वापरून पाहिला तर माशी खेळण्यातली वाटू लागली. शेवटी कागदाचा पांढरा तसाच राखून त्यावर पारदर्शक हिरव्या-निळ्याचे अनेक पातळ थर दिले आणि कडेला एकदम गडद छटा ठेवली, तेव्हा कोठे ती उजळली.

पारखी :
मी अशा स्पर्धेच्या निवड समितीवर दोन वेळा काम केले आहे, त्या अनुभवातून लिहितो. पहिली फेरी बहुधा छायाचित्रांवरून होते, मूळ चित्र समितीसमोर नसते. चांगले चित्र तिरप्या उजेडात, काचेतल्या प्रतिबिंबासह, कागदाच्या कडा वाकड्या आलेल्या अशा फोटोमुळे मागे पडलेले मी पाहिले आहे. ढगाळ दिवशी, सावलीत, काच लावण्याआधी फोटो घ्या आणि एक फोटो पोत दिसेल इतक्या जवळून घ्या.

आता मूळ प्रश्न. आम्ही शास्त्रज्ञ आणि चित्रकार एकत्र बसत असू आणि वादही होत असत, परंतु एका बाबतीत सर्वांचे एकमत होई: या व्यक्तीने ही गोष्ट स्वतः पाहिली आहे की नाही, हे चित्रात कळते. नेटवरच्या एकाच गाजलेल्या फोटोवरून काढलेली किंगफिशरची चार चित्रे एका वर्षी आमच्याकडे आली होती; चारही पक्ष्यांची मान त्याच कोनात वळलेली होती. त्यात दुसऱ्याच्या छायाचित्राच्या हक्काचा प्रश्न तर होताच. याउलट एका प्रवेशिकेत फक्त शेवाळाचा तुकडा होता, कोरडा आणि ओला, शेजारी शेजारी. ती आम्ही सर्वांनी लगेच निवडली. ओल्या मातीची गडद पट्टी तुम्ही येथे लिहिली आहे, ती चित्रात आली तर मी थांबून पाहीन.

पानगळ :
पारखी यांचे म्हणणे पटले. अचूकतेला माझा विरोध नव्हता, पाहण्याच्या जागी नुसती मोजदाद येऊ नये एवढेच म्हणायचे होते.

माध्यमा :
साहित्याविषयी थोडे लिहिते, कारण त्याकडे स्पर्धकांचे दुर्लक्ष होते. प्रदर्शन काही आठवडे चालते आणि चित्र विकले गेले तर पुढे वर्षानुवर्षे भिंतीवर उजेडात राहते. अ‍ॅलिझरिन क्रिमसनसारखे काही रंग जलरंगाच्या पातळ थरात उजेडाने उडतात. ट्यूबवर उजेडात टिकण्याची प्रत आणि रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो. रंगाच्या नावावर न जाता तो कोड पाहा. मातीचे रंग, म्हणजे गेरू, पिवळी माती, अंबर नावाची तपकिरी माती, हे लोहाच्या संयुगांमुळे रंगीत असतात आणि अतिशय टिकाऊ असतात.

त्यावरून सुचले: रिकाम्या झालेल्या मडक्याचीच माती वापरली तर? खलात बारीक करावी, पाण्यात ढवळून जड वाळू खाली बसू द्यावी, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू द्यावे, आणि तळाशी राहिलेला मऊ गाळ वाळवून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटावा. चांगला जलरंग होतो.

कीटकमित्र :
कल्पना फार आवडली, पण बाजूला बाहेर पडण्याचे छिद्र असलेले मडकेच घ्यावे. छिद्र नसेल तर आत जीव असण्याची शक्यता आहे. अख्खे घरटे चित्रासोबत मांडायचे असेल तर आयोजकांना आधी विचारावे. संग्रहालये अशा वस्तू उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याखाली काही दिवस गोठवून मगच आत घेतात, नाहीतर त्यातल्या किडी इतर संग्रहाला लागतात. पिसे, शिंपले, प्रवाळ वापरणाऱ्यांनी तर नियम आणखी काळजीपूर्वक वाचावेत, कारण पुष्कळ प्रजातींच्या अवयवांची सीमेपलीकडे ने-आण १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे.

रेषाविहार :
सर्वांचे मनापासून आभार. निवेदनाचा पहिला खर्डा देते, निःसंकोच मत सांगावे.

«निसर्ग आणि मानव यांच्यातील अतूट नात्याचा शोध घेणारी ही कलाकृती विनाश आणि सृजन यांच्या चिरंतन द्वंद्वावर भाष्य करते. मातीच्या गर्भात घडणारे रूपांतर हे जीवनाच्या अखंड चक्राचे प्रतीक आहे.»

पारखी :
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हे निवेदन कोणत्याही चित्राखाली चालेल. बियाणे, ज्वालामुखी, फुलपाखरू, कशाखालीही लावा. यात माशी नाही, मडके नाही आणि अकरा आठवडे नाहीत. तुमच्या या धाग्यातल्या पहिल्या लेखनाचा दुसरा परिच्छेद याहून कितीतरी चांगला आहे. तोच थोडा आवरून द्या.

अबोली :
सहमत. काय पाहिले, किती काळ पाहिले, आत काय घडते आणि लोक काय समजत आले, एवढेच साध्या क्रमाने लिहावे.

सूक्ष्मदर्शी :
एक वेगळी शंका. अंडे, अळ्या, कोष आणि माशी हे सगळे निरनिराळ्या आठवड्यांतले आहे. एकाच चित्रात ते दाखवले तर कोणी खोटे म्हणणार नाही ना?

ठसेकार :
म्हणणार नाही. कीटकांची चित्रे काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियनने तेच केले होते. १६९९ साली, बावन्न वर्षांची असताना, ती मुलीला घेऊन सुरीनामला गेली, तेथे दोन वर्षे अळ्या पाळल्या, आणि १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रांत तिने अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांचे खाद्यझाड एकाच पानावर आणले. तिच्या पक्षी खाणाऱ्या कोळ्याच्या चित्राला पुढे कल्पनाविलास म्हणून हिणवले गेले. १८६३ साली निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी पक्ष्यांवर पाहिल्याचे लिहिले, तेव्हा आक्षेप मिटला. चेतापेशींची चित्रे काढणारा रामोन इ काहाल, ज्याला १९०६ चे नोबेल विभागून मिळाले, तोही अनेक काचपट्ट्यांवर पाहिलेले एकाच चित्रात एकत्र करत असे. काळ एकत्र आणता येतो, फक्त तसे निवेदनात सांगावे.

सूक्ष्मदर्शी :
धन्यवाद, शंका फिटली. मग प्रमाणरेषाही द्यावी. मडके दहापट मोठे काढले तर पाहणाऱ्याला खरा आकार कळायला एक सेंटीमीटर दाखवणारी छोटी रेघ पुरते.

रेषाविहार :
गेले तीन आठवडे येथे आले नाही, कारण काम चालू होते. आता मांडणी ठरली आहे. दोन सारख्या आकाराचे कागद शेजारी शेजारी. डावीकडे बाहेरून दिसणारे मडके: लिंपलेले तोंड, त्यावरची ओली गडद पट्टी आणि बाजूला माशीने पाडलेले छिद्र. अळी ज्या तोंडातून आत गेली ते वेगळे आणि माशी जेथून बाहेर आली ते छिद्र वेगळे, हे मला वही चाळताना प्रथमच नीट उमगले. उजवीकडे तेच मडके, त्याच प्रमाणात, त्याच उजेडात, पण मधोमध कापलेले. डाव्या चित्रात खोटे असे काही नाही. जुन्या काळी ज्याने कोणी तो दृष्टांत प्रथम सांगितला त्याने हेच पाहिले असणार. मडक्याचा सगळा रंग रिकाम्या मडक्याच्या मातीचा आहे. माध्यमा, गाळ दोन वेळा निवळून घेतल्यावरच तो कागदावर सारखा बसला.

निवेदन असे केले आहे:

«अकरा आठवडे मी एका कुंभारीण माशीचे घरटे पाहिले. ती मातीचे मडके बांधते, त्यात लुळ्या केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. काही आठवड्यांनी भिंतीला छिद्र पडते आणि माशी बाहेर येते. अळीच ध्यानाने माशी झाली, असे आमच्या भाषेतला एक जुना दृष्टांत सांगतो. पहिल्या चित्रात तो दृष्टांत सांगणाऱ्याला दिसले असेल तेवढेच आहे. दुसऱ्या चित्रात भिंत कापली आहे. निरनिराळ्या आठवड्यांत पाहिलेले प्रसंग मी एकत्र आणले आहेत. मडक्याचा रंग त्याच घरट्याच्या मातीपासून केला आहे.»

दोन्ही कागदांचे फोटोही जोडले आहेत. प्रवेशिका पाठवायला अजून चार दिवस आहेत.

पारखी :
निवेदनात एकही शब्द बदलू नका.

पानगळ :
डावे चित्र फार वेळ पाहत राहिले. ती ओली पट्टी अगदी आत्ता लावल्यासारखी आहे.

मोरपंखी :
मातीच्या रंगावर डोळे टिकतात. फोटोत कागदाचा वरचा उजवा कोपरा किंचित काळवंडला आहे, तेवढा पुन्हा घ्यावा.

कीटकमित्र :
पंख दुमडलेले आहेत, शृंगिकेचे खंड बारा आहेत, मनापासून अभिनंदन. एकच जागा खटकते. उजव्या चित्रात अंडे अळ्यांच्या ढिगावर ठेवलेले दिसते. काही माशांमध्ये तसे असते, परंतु कुंभारणीचे अंडे मडक्याच्या छतापासून बारीक धाग्याने लोंबत असते. अळ्या पूर्ण निश्चल नसतात, थोड्या वळवळतात. लोंबत राहिल्यामुळे अंडे त्यांच्या धक्क्यापासून वाचते असे मानले जाते. तुम्ही पाहिलेल्या मडक्यात ते कोठे होते?

रेषाविहार :
वही काढून पाहिली. चौथ्या आठवड्यात मडके अजून रिकामे असताना टॉर्चच्या उजेडात तोंडातून डोकावले होते, त्या पानावर मडक्याच्या आत, वरच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका काढलेला आहे आणि शेजारी लिहिले आहे: «वर काहीतरी चिकटले आहे, हलते.» चित्र करताना मी ते पान पाहिलेच नव्हते, अंडे खालीच असणार असे धरून चालले होते. आज दुपारी ओल्या ब्रशने ढिगावरचे अंडे उचलून घेतले; जागा थोडी डागाळली, पण तेथे एका अळीची पाठ येते, त्यामुळे झाकता येईल. छताचा भाग वाळला की उद्या सकाळी धागा आणि अंडे काढते, आणि मोरपंखी यांनी सांगितलेला फोटोही त्याच उजेडात पुन्हा घेते.